‘एव्हिएट’ : एका इंग्रजी क्रियापदाची व्युत्पत्ती, अर्थ आणि मराठी पर्याय

इंग्रजी भाषेत ‘एव्हिएट’ असे एक क्रियापद आहे. सामान्य संभाषणात ते क्वचितच कानी पडते. उडण्याच्या क्रियेसाठी ‘फ्लाय’ हे जुने व घरोब्याचे क्रियापद त्या भाषेत असल्यामुळे दुसऱ्याची वाण भासत नाही. वैमानिकांच्या शिक्षणात मात्र या शब्दाला मानाचे स्थान आहे. विमानावर संकट ओढवले असता कोणत्या क्रमाने वागावे हे सांगणाऱ्या, जगभर शिकविल्या जाणाऱ्या त्रिसूत्रीतील ते पहिले पद होय. त्याचे मराठी करावयास बसले म्हणजे ‘उडणे’ हा प्रतिशब्द प्रथम सुचतो, आणि तो चुकीचा आहे. तो का चुकीचा, हे पाहताना शब्दाचा उगम व शब्दाचा अर्थ यांच्या परस्परसंबंधाविषयी काही उद्बोधक गोष्टी हाती लागतात. त्यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

विवेचनासाठी उदाहरणे शक्य तेथे पिंपरी-चिंचवड ते चाकण या औद्योगिक पट्ट्यातील घेतली आहेत. या पट्ट्याच्या एका अंगास देहू आहे, दुसऱ्या अंगास आळंदी आहे आणि मध्ये कारखाने आहेत. उडण्याचे, उडविण्याचे व चालविण्याचे जे शब्द आपल्याला तपासावयाचे आहेत, ते सर्व या टापूत नित्य वापरात आहेत.

१. शब्दाचा जन्म

‘एव्हिएट’ हे क्रियापद ‘एव्हिएशन’ या नामापासून निघाले, आणि ते नाम इंग्रजीत फ्रेंच भाषेतून आले. फ्रेंचमध्ये ते गाब्रिएल द ला लांदेल (१८१२–१८८६) या लेखकाने १८६३ साली योजिले. पक्षी या अर्थाच्या ‘अविस्’ या लॅटिन नामास क्रियावाचक प्रत्यय लावून हा शब्द सिद्ध केलेला आहे.

हा शब्द एका वादातून जन्मास आला. १७८३ साली माँगोल्फिए बंधूंनी तप्त हवेचा फुगा आकाशात चढविला. त्यानंतर ऐंशी वर्षे आकाशगमन म्हणजे फुग्यातून जाणे, असेच समीकरण युरोपात रूढ होते, आणि त्या विद्येला निराळे नावही होते. परंतु फुगा हवेपेक्षा हलका असतो. वारा नेईल तिकडे तो जातो, आणि त्यात बसलेल्या माणसाला दिशेवर फारशी सत्ता चालविता येत नाही. ला लांदेल, त्याचा सहकारी पोंताँ दामेकूर आणि प्रख्यात छायाचित्रकार नादार यांचा पक्ष असा होता की, आकाश जिंकावयाचे असेल तर ते हवेपेक्षा जड अशा यंत्रानेच जिंकता येईल. पक्षी हवेपेक्षा जड असतो, तरीही तो उडतो, आणि मुख्य म्हणजे इच्छेप्रमाणे वळतो. फुग्याच्या विद्येहून आपली विद्या वेगळी दाखविण्यासाठी त्यांना नवा शब्द हवा होता, म्हणून त्यात पक्षी आला. नुसते वर जाणे हे या शब्दाचे बीज नव्हे. वर जाऊन स्वतःच्या सत्तेने संचार करणे हे त्याचे बीज होय. पुढील विवेचनात ही गोष्ट महत्त्वाची ठरणार आहे.

इंग्रजीने हे नाम १८६६ च्या सुमारास उचलले. त्यापासून ‘एव्हिएट’ हे क्रियापद पाडले गेल्याची नोंद १८८७ ची आहे. राइट बंधूंचे विमान १७ डिसेंबर १९०३ रोजी उडाले. म्हणजे यंत्रशक्तीने चालणाऱ्या, हवेपेक्षा जड अशा विमानातून माणूस जाण्यापूर्वी सोळा वर्षे ती क्रिया सांगणारे क्रियापद इंग्रजीत तयार होते.

२. नामापासून क्रियापद

येथे आपल्याकडील एका प्राचीन वादाचे स्मरण होते. सर्व नामे धातूंपासून उत्पन्न झाली आहेत, असे शाकटायनाचे व नैरुक्तांचे मत यास्काने निरुक्तात नोंदविले आहे. गार्ग्याला व काही वैयाकरणांना ते मान्य नव्हते; सर्वच नामे धातुज नसतात, असे त्यांचे म्हणणे होते. ‘एव्हिएट’ हा शब्द शाकटायनाच्या पक्षाला अडचणीत टाकणारा आहे. त्याच्या बाबतीत नाम आधी व धातू नंतर, असा उलटा क्रम दिसतो. लॅटिन भाषेत उडणे या अर्थी ‘वोलारे’ असे स्वतंत्र क्रियापद होते. ‘अविस्’पासून झालेले उडण्याच्या अर्थाचे क्रियापद नव्हते. ‘एव्हिएशन’ हे नाम मात्र एखाद्या क्रियापदापासून साधावे तसे दिसते. ‘नॅव्हिगेशन’ला ‘नॅव्हिगेट’ आहे, तर ‘एव्हिएशन’लाही ‘एव्हिएट’ असलेच पाहिजे, अशा सादृश्याने इंग्रजी भाषकांनी नामाचा प्रत्यय काढून टाकला आणि मुळात नसलेले क्रियापद हस्तगत केले. या प्रक्रियेस आपण उलट-साधित असे म्हणू. ‘एडिटर’पासून ‘एडिट’ आणि ‘टेलिव्हिजन’पासून ‘टेलिव्हाइज’ ही क्रियापदे याच रीतीने झालेली आहेत.

मराठीत नामापासून क्रियापदे होतात, पण ती प्रायः प्रत्यय लावून किंवा मूळ शब्दच धातू मानून होतात. ‘पाणी’वरून ‘पाणावणे’, ‘लाथ’वरून ‘लाथाडणे’, ‘हात’वरून ‘हाताळणे’ ही घरची उदाहरणे आहेत. अरबीतून आलेल्या ‘बदल’वरून ‘बदलणे’ झाले. अलीकडच्या काळात मात्र मराठीने परक्या शब्दांपासून सरळ धातू पाडण्याचे जवळजवळ सोडून दिले आहे. भोसरीच्या किंवा चाकणच्या कारखान्यात कामगार ‘वेल्डिंग करतो’, ‘ड्रिल मारतो’, ‘असेंब्ली करतो’. इंग्रजी शब्द नाम म्हणून येतो आणि क्रियेचा भार ‘करणे’ किंवा ‘मारणे’ हे मराठी क्रियापद वाहते. विमानाच्या बाबतीतही आपण ‘उड्डाण करणे’ असेच म्हणतो. तेव्हा ‘एव्हिएट’साठी एकपदी नवा धातू घडविण्याचा हट्ट मराठीच्या आजच्या प्रकृतीला मानवणारा नाही, हे येथेच नमूद करून ठेवतो.

३. खरे नाते आणि भासमान नाते

‘एव्हिएट’मधील पक्षी आपल्याला सर्वस्वी परका नाही. लॅटिन ‘अविस्’ आणि पक्षी याच अर्थाचा संस्कृत ‘वि’ हे शब्द एकाच प्राचीन मूळ शब्दापासून निघाले आहेत, ही गोष्ट तौलनिक भाषाशास्त्राने निश्चित केली आहे. ‘वि’ हे नाम वेदभाषेत स्पष्टपणे आढळते. पुढील काळात ते मागे पडले आणि मराठीपर्यंत नाम म्हणून पोहोचले नाही.

येथे मोह उत्पन्न होतो. ‘एव्हिएशन’मध्ये पक्षिवाचक शब्द आहे, संस्कृतात पक्षिवाचक ‘वि’ आहे, आणि आपल्या ‘विमान’ शब्दाच्या आरंभी ‘वि’ आहे. तेव्हा ‘विमान’ म्हणजे पक्ष्यासारखे यान, असे अनुमान काढण्यास वेळ लागत नाही. परंतु हे अनुमान टिकत नाही. ‘विमान’ शब्दातील ‘वि’ हा उपसर्ग आहे आणि पुढे मोजणे, आखणे या अर्थाचा ‘मा’ धातू आहे. ऋग्वेदात हा शब्द अंतराळ मोजणारा, ते आक्रमून जाणारा अशा अर्थाने येतो. पुढे देवांचे यान, रामायणातील पुष्पकासारखे फिरते प्रासाद, अनेक मजल्यांचा वाडा आणि देवालयाच्या गर्भगृहावरील शिखर असे त्याचे अर्थ झाले. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या उत्तुंग शिखरास आजही विमान म्हणतात. मोजून-मापून उभारलेली वास्तू हा धागा या अर्थांतून जातो. पक्ष्याचा धागा त्यांत कोठेही नाही. ‘विहग’ व ‘विहंग’ या शब्दांविषयीही अशीच सावधगिरी बाळगावी लागते. त्यांचा अर्थ पक्षी असला, तरी परंपरेने त्यांची व्युत्पत्ती आकाशवाचक ‘विहायस्’ शब्दावरून दिली जाते, पक्षिवाचक ‘वि’वरून नव्हे.

हा केवळ पंडितांचा कीस नव्हे. ‘वैमानिक शास्त्र’ या नावाचा जो संस्कृत ग्रंथ प्राचीन म्हणून पुढे करण्यात येतो, त्यात विमानाचे नाव पक्ष्यांच्या वेगाशी असलेल्या साम्यावरून लावलेले आहे. तो ग्रंथ सुब्बराय शास्त्री यांनी १९१८ ते १९२३ या काळात तोंडी सांगितला व तो लिहून घेण्यात आला. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९७४ साली त्याची चिकित्सा केली. ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभापूर्वीचा नाही आणि त्यात वर्णिलेली याने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. शब्द जुना आहे म्हणून वस्तूही जुनी, हा तर्क जसा सदोष, तसाच दोन शब्द सारखे ऐकू येतात म्हणून एककुळीचे, हाही तर्क सदोष होय. ‘अविस्’ आणि ‘वि’ यांचे नाते सहज दिसत नाही, तरी ते खरे आहे. ‘अविस्’ आणि ‘विमान’ यांचे नाते दिसते, पण ते भासमान आहे.

४. ‘फ्लाय’, ‘उडणे’ आणि उड्डाणपूल

इंग्रजीतील ‘फ्लाय’ या क्रियापदाचे आपल्याशी नाते अधिक जवळचे आहे. संस्कृतातील आद्य ‘प’काराच्या जागी जर्मानिक भाषांत ‘फ’कार येतो. ‘पितृ’ आणि ‘फादर’, ‘पाद’ आणि ‘फुट’ ही जोडी विद्यार्थ्यांच्या परिचयाची आहे. त्याच नियमाने ‘फ्लाय’ हे संस्कृत ‘प्लु’ धातूच्या कुळातील ठरते. ‘प्लु’ म्हणजे तरंगणे, पोहणे, उडी घेणे. वानरास ‘प्लवंगम’ म्हणतात ते तो उड्या घेतो म्हणून.

मराठी ‘उडणे’ या कुळातील नव्हे. धातुपाठात आकाशमार्गाने जाणे या अर्थी ‘डी’ धातू सांगितला आहे. त्यास ‘उद्’ उपसर्ग लागून ‘उड्डयन’ झाले, आणि प्राकृतातील ‘उड्ड’ या रूपावाटे ‘उडणे’, ‘उडी’, ‘उड्डाण’ हे शब्द आपल्यापर्यंत आले. कूळ निराळे असूनही ‘प्लु’ आणि ‘उडणे’ यांच्या अर्थांत साम्य आहे. उडी मारणे व उडत जाणे या दोन क्रिया दोन्ही शब्दांच्या परिवारात एकत्र नांदतात. म्हणूनच हनुमंताच्या समुद्रलंघनास मराठीत ‘उड्डाण’ म्हणता येते.

परंतु ‘उडणे’चा खरा स्वभाव त्याच्या लाक्षणिक प्रयोगांत प्रकट होतो. रंग उडतो, झोप उडते, विश्वास उडतो. तारांबळ उडते, गाळण उडते, धांदल उडते. कारखान्यात ठिणग्या उडतात, फ्यूज उडतो, दिवा उडतो, लेथच्या चकमधून सुटलेला जॉबही उडतो. या सर्व प्रयोगांत एक गोष्ट समान आहे. उडणाऱ्या वस्तूवर कोणाची सत्ता नसते. हाती होते ते सुटले, स्थिर होते ते नाहीसे झाले, असा भाव त्यांत आहे. पक्षी उडतो तेव्हा तो भाव नसतो हे खरे. पण माणूस कर्ता झाला की तो भाव हटकून येतो. इंग्रज मनुष्य ‘मी दिल्लीस उडालो’ अशा धाटणीचे वाक्य निःशंकपणे बोलतो. मराठी माणूस ‘विमानाने दिल्लीस गेलो’ असेच म्हणतो. ‘तो उडाला’ म्हटले की तो दचकला, फेकला गेला किंवा स्फोटात सापडला, असे काहीतरी मनात येते.

‘उडविणे’ या प्रयोजक रूपाची स्थिती याहून बिकट आहे. पतंग उडवितात, कबुतरे उडवितात, तसेच विमानही उडवितात हे खरे. पण पैसा उडवितात, टर उडवितात आणि सुरुंगाने पूलही उडवितात. ‘त्यांनी विमान उडविले’ या वाक्याचे दोन अर्थ संभवतात, आणि त्यांतील एक भयंकर आहे.

‘फ्लायओव्हर’ या शब्दाचे भाषांतर करताना मात्र मराठीने ‘उड्डाणपूल’ हा शब्द घडविला आणि तो पूर्णपणे रुळला. पुणे–मुंबई जुना महामार्ग आणि नाशिकचा रस्ता जेथे मिळतात, त्या नाशिक फाट्यावरील दुमजली उड्डाणपुलास जे. आर. डी. टाटा यांचे नाव दिलेले आहे. त्यांच्या उद्योगसमूहाचा मोटारनिर्मितीचा मोठा कारखाना याच परिसरात १९६० च्या दशकात उभा राहिला, म्हणून हे नामकरण समर्पक आहे. पण शब्दांच्या अभ्यासकास त्यात आणखी एक योग दिसतो. भारतात वैमानिकाचा पहिला परवाना १० फेब्रुवारी १९२९ रोजी मिळाला तो जे. आर. डी. टाटांना. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस जुहू येथे टपाल घेऊन आले, तेव्हा लहानशा ‘पस मॉथ’ विमानात त्यांच्याबरोबर दुसरा कोणी नव्हता. आपण त्या प्रवासाचे वर्णन कसे करतो? ‘टाटा कराचीहून उडत आले’ असे कोणी म्हणत नाही. ‘टाटांनी स्वतः विमान चालवीत आणले’ असे म्हणतो. जागचा न हलणारा पूल मराठीत ‘उड्डाण’ करतो आणि खरा वैमानिक मात्र विमान ‘चालवितो’. ही विसंगती नव्हे. उडणे वस्तूकडे आणि चालविणे माणसाकडे, अशी भाषेने केलेली ही वाटणी आहे.

५. ‘एव्हिएट’चा व्यवहारातील अर्थ

आता मूळ शब्दाकडे वळू. वैमानिकांच्या त्रिसूत्रीत ‘एव्हिएट’, ‘नॅव्हिगेट’ आणि ‘कम्युनिकेट’ ही तीन क्रियापदे या क्रमाने येतात. दुसऱ्याचा अर्थ मार्ग ठरविणे व तिसऱ्याचा अर्थ संदेश देणे-घेणे असा आहे. पहिल्याचा अर्थ ‘उडणे’ असा घेतला तर सूत्र निरर्थक होते, कारण विमान त्या वेळी उडतच असते. जे घडतेच आहे त्याची आज्ञा कोणी देत नाही. येथे ‘एव्हिएट’चा अर्थ आहे : विमानाची उंची, वेग व तोल यांवर आपली सत्ता कायम ठेवा; इतर सर्व गोष्टी त्यानंतर.

हा अर्थ किती मोलाचा आहे हे एका अपघातावरून कळते. २९ डिसेंबर १९७२ च्या रात्री ईस्टर्न एअर लाइन्सचे न्यूयॉर्कहून निघालेले ४०१ क्रमांकाचे उड्डाण मायामीस उतरण्याच्या बेतात होते. पुढचे चाक खाली येऊन पक्के बसल्याची खूण दाखविणारा दिवा लागला नाही. उतरणे लांबणीवर टाकून विमान दोन हजार फुटांवर नेण्यात आले, ते स्वयंचलित यंत्रणेच्या हवाली करण्यात आले आणि चालककक्षातील मंडळी त्या दिव्याच्या मागे लागली. नियंत्रणदांड्यास नकळत धक्का बसून उंची राखणारी यंत्रणा सुटली. विमान अगदी मंद गतीने खाली येऊ लागले आणि ते कोणाच्याही ध्यानी आले नाही. एव्हरग्लेड्सच्या दलदलीत ते कोसळले. विमानातील १७६ जणांपैकी १०१ मृत्युमुखी पडले. चाक मुळातच जागेवर होते; दिवा तेवढा उडालेला होता.

त्या शेवटच्या मिनिटांत विमान उडत नव्हते असे कोणीही म्हणणार नाही. इंग्रजीत ते ‘फ्लाय’ होत होते, मराठीत ते उडत होते. परंतु ‘एव्हिएट’ ही क्रिया कोणीही करीत नव्हते. दोन शब्दांतील अंतर याहून स्पष्ट करता येणार नाही. ला लांदेलने फुगा आणि पक्षी यांच्यामध्ये जो भेद १८६३ मध्ये कल्पिला होता, तोच येथे पुन्हा दिसतो. ज्यावर कोणाची सत्ता नाही असे जड यान, ते कितीही सुंदर बांधलेले असो, वाऱ्यावर सोडलेल्या फुग्याहून अधिक धोक्याचे होय.

६. देहू आणि आळंदी

मग मराठी पर्याय कोणता? यासाठी कोशाकडे जाण्यापूर्वी इंद्रायणीकाठच्या दोन कथांकडे लक्ष वेधतो. या कथा श्रद्धेच्या आहेत. येथे त्यांची ऐतिहासिक चिकित्सा करावयाची नाही, त्यांतील शब्दयोजना तेवढी पाहावयाची आहे.

तुकाराम महाराज सदेह वैकुंठास गेले ते विमानात बसून, अशी वारकरी संप्रदायाची श्रद्धा आहे. फाल्गुन वद्य द्वितीयेस, म्हणजे तुकाराम बीजेस, देहू येथे त्या प्रसंगाचे स्मरण केले जाते. म्हणजे राइट बंधूंच्या कितीतरी आधीपासून देहूच्या परिसरात ‘विमान’ हा शब्द लोकांच्या तोंडी होता. परंतु त्या कथेतील विमान वरून येते आणि भक्तास घेऊन जाते. त्यात बसणारा विमान चालवीत नाही. जुन्या ‘वैमानिक’ शब्दाचाही हाच भाव आहे. जैन परंपरेत देवांचे जे चार वर्ग मानतात, त्यांतील ‘वैमानिक’ देव म्हणजे विमानांत वास करणारे देव. विमानाचा चालक हा अर्थ त्या शब्दास आधुनिक काळात प्राप्त झाला. शब्द तोच राहिला. आत बसलेल्याकडे केवळ निवास होता, तेथे उत्तरदायित्व आले.

आळंदीची कथा निराळी आहे. वाघावर बसून येणाऱ्या चांगदेवांना सामोरे जाण्यासाठी ज्ञानेश्वर व त्यांची भावंडे भिंतीवर बसली आणि ज्ञानेश्वरांनी ती निर्जीव भिंत ‘चालविली’. मराठी परंपरेने येथे ‘उडविली’ असे म्हटलेले नाही. आत्मसत्तेने जड वस्तूस गती देणे आणि तिला हव्या त्या ठिकाणी नेणे, हा अर्थ ‘चालविणे’ या शब्दात भरला आहे. चाकणच्या कारखान्यातील कामगार यंत्र चालवितो, बसचा चालक बस चालवितो, गृहिणी संसार चालविते. या सर्व प्रयोगांत गतीबरोबर जबाबदारीही आहे.

तेव्हा ‘एव्हिएट’चा सामान्य अर्थ सांगण्यास ‘विमान चालविणे’ हा पर्याय निर्दोष आहे, आणि ‘विमानचालन’ हे नाम त्याच अर्थाने मराठीत रूढ आहे. हिंदीत राजभाषेच्या व्यवहारासाठी ‘विमानन’ हा शब्द योजिला आहे. तो ‘एव्हिएशन’च्या घडणीशी जुळतो, परंतु चालविणाऱ्याचा हात त्यात दिसत नाही.

संकटकाळच्या त्रिसूत्रीसाठी मात्र ‘चालविणे’ हा शब्दही थोडा थंड पडतो. तेथे मराठीत ‘सावरणे’ हे क्रियापद अधिक नेमके आहे. तोल जात असता तो सावरतात, घसरती गाडी सावरतात, पडता माणूस स्वतःस सावरतो. हाती असलेली वस्तू सुटू न देणे हा ‘सावरणे’चा गाभा आहे, म्हणजे ‘उडणे’च्या बरोबर उलट. ‘आधी विमान सावरा, मग मार्ग पाहा, मग बोला’ असे त्रिसूत्रीचे मराठी केल्यास मूळ क्रम राहतो, मूळ अर्थ राहतो आणि ऐकणाऱ्यास क्षणाचाही विचार करावा लागत नाही. या पर्यायात पक्षी नाही, हे उघड आहे. पण मूळ इंग्रजी वाक्य उच्चारणाऱ्या वैमानिकाच्या मनात तरी पक्षी कोठे असतो?

सारांश, ‘एव्हिएट’ हे क्रियापद लॅटिन पक्ष्यापासून निघाले, फ्रेंच वादातून वाढले आणि इंग्रजीत उलट-साधित होऊन स्थिरावले. त्याच्या उगमाचा शोध घेतल्याने आपल्याला ‘वि’ आणि ‘अविस्’ यांचे खरे नाते कळते, आणि ‘विमान’ शब्दाविषयी होणारा भ्रमही दूर होतो. परंतु भाषांतर करावयाचे ते उगमाचे नव्हे, तर आज तो शब्द जे काम करतो त्याचे. परिभाषा सिद्ध करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी एवढे पथ्य पाळावे की, शब्दाचे कूळ कोशात शोधावे, आणि त्याचा अर्थ मात्र तो ज्यांच्या हाती आहे त्यांच्या व्यवहारात शोधावा.